उकडबाई आणि धामणखेडची कबड्डी

"आलुबोंडा तळायचाच कशाला? भट्टीत भाजा!" केतकी जयवंत माइकवर म्हणाली, आणि गांधी चौकात जमलेलं सगळं धामणखेड खो-खो हसलं.

मी गर्दीत अगदी पुढे, ममताच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. दर रविवारी टीव्हीवर दिसणारी ती शेफ आमच्या चौकात आली होती. ट्रकवर थाटलेलं स्वयंपाकघर, पांढरा कोट, कपाळावर घाम आणि मागे मोठा फलक: 'तेल अर्धं, आयुष्य दुप्पट'. गावोगाव फिरून ती लोकांना तळलेलं कमी खायला सांगत होती आणि कॅमेरावाले ते टिपत होते. टीव्हीत दिसायचं म्हणून बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. ट्रकवर चढता येईल का ते पोरं बघत होती. मला तर काल संध्याकाळपासून काही सुचत नव्हतं.

"ओ मॅडम!"

मागून आलेला आवाज ओळखायला मला वळावं लागलं नाही. बाबा दुकानातून हातात झारा घेऊनच आले होते. चौकाच्या कोपऱ्यावरचं चर्जन नाश्ता सेंटर म्हणजे आमचं दुकान. दिगूभाऊ चर्जनचा आलुबोंडा खायला परतवाड्याहून माणसं मोटरसायकलवर येत.

"बोला काका," केतकी हसून म्हणाली.

"तुमच्या त्या भाजलेल्या आलुबोंड्यानं पोट भरते का हो? आमच्या इथची माणसं वावरात राबतात, पोती उचलतात. पोट्ट्या कबड्डी खेळतात. तेलाबिगर ताकद येते का कुठी?"

"तेलानं ताकद येत नाही काका. दम लागतो!"

गर्दीतून मोठा 'ओऽऽ' उठला. बाबांच्या तोंडावर असं कोणी बोलत नसे. ते पुढे आले, झारा उंच धरला.

"मंग लावा पैज! येत्या रविवारी इथंच तालुक्याची फायनल हाय. आमच्या पोट्ट्या अंजनगावसंगं खेळतात. तवरोक तुम्हीच त्याइले खाऊ घाला. जिंकल्या त माही कढई महिनाभर बंद. हरल्या त तुम्ही माह्या कढईतला आलुबोंडा सगळ्याइच्या समोर खायचा!"

शिट्ट्या वाजल्या, टोप्या उडाल्या. ट्रकखाली उभ्या दिग्दर्शकाचे डोळे लकाकले. असा प्रसंग त्याला पैसे देऊनही मिळाला नसता. केतकीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि माइक तोंडाशी नेला.

"मान्य! कॅप्टन कोण आहे?"

कोणीतरी मला पुढे ढकललं. "हे पाहा, दिगूभाऊचीच पोरगी!" चौक पुन्हा हसला. केतकीनं हात देऊन मला ट्रकवर ओढून घेतलं. माझा हात तिनं जरा जास्त वेळ धरून ठेवला, बोटं दाबून पाहिली.

"नाव?"

"वृषाली."

"काय वृषाली, हरणार की जिंकणार?"

समोर एवढं गाव, कॅमेऱ्याचा लाल दिवा आणि झारा घेतलेले बाबा. "जिंकणार!" मी ओरडले. खरं तर तीन वर्षं आम्ही फायनलला हरत होतो आणि प्रत्येक वेळी सारखंच घडत होतं. पहिल्या डावात पुढे असायचो, मध्यंतरानंतर पाय जड व्हायचे. 'धामणखेडच्या पोट्ट्याइले जिगर नाई' हे वाक्य आमच्या गावात आता म्हणीसारखं झालं होतं.

त्या आठवड्यात गावाला दुसरा विषयच उरला नाही. केस कापायच्या दुकानात, एसटी स्टँडवर, पिठाच्या गिरणीत सगळीकडे तेलावरच बोलणं चाललेलं. डॉक्टर गुल्हाने म्हणाले, बाई शंभर टक्के खरं बोलते, माझा दवाखाना तुमच्या कढयांवरच चालतो. त्यावर कोणीतरी म्हणालं, मग तुम्हीच तिला हाकला, तुमचा धंदा बसेल. गिरणीतल्या बायकांना तिचं पटत होतं, पण तिचे कापलेले केस पटत नव्हते. पोरांनी तिला 'उकडबाई' नाव ठेवलं आणि शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, 'तेल अर्धं, जेवण अर्धवट'. केतकीनं ते वाचलं, मोठ्यानं हसली आणि त्या भिंतीपुढे उभी राहून फोटो काढून घेतला. तेव्हापासून मला ती आवडायला लागली.

सोमवारी सराव झाल्यावर तिनं शाळेच्या सभागृहात आमच्यासाठी जेवण मांडलं. ज्वारीची भाकर, मुगाची उसळ, मेथीची भाजी, ताक. सगळं तिनं स्वतः रांधलेलं. आम्ही हातपाय धुऊन ओळीनं बसलो. तायडे सर, आमचे प्रशिक्षक, दाराशी खुर्चीवर होते. कॅमेरा सुरू झाला. केतकीनं एकेकीचं ताट वाढलं आणि आमच्यासमोर उकिडवी बसली.

"हं, करा सुरू."

कोणीच हात लावला नाही.

"काय झालं? आवडलं नाही? अगं, खाऊन तरी बघा!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. शेवटी ममता म्हणाली, "सर जेवायचे हायेत ना अजून. अन् हे कॅमेरावाले दादा."

"मग?"

"त्याइचं झालं का आम्ही बसतो."

केतकी हसली. मग तिच्या लक्षात आलं की आमच्यापैकी कोणी हसत नाही. ममतानं काही गमतीचं सांगितलं नव्हतं. पाऊस पडला की छत्री उघडतात, तितकं ते साधं होतं.

"कॅमेरा बंद कर," ती म्हणाली.

"अगं, मस्त चाललंय..." दिग्दर्शक म्हणाला.

"बंद कर आणि सगळे बाहेर जा. सर, तुम्हीसुद्धा. प्लीज."

दार लागलं. ती फरशीवर मांडी घालून बसली. "आधी खा. मग बोलू."

आम्ही खाल्लं. आधी लाजत, मग लाज विसरून. भाकरी संपल्या तशी ती उठून आणखी थापायला बसली. तव्यावरून डोळे न काढता तिनं विचारलं, "आज सकाळी काय खाल्लं होतं?"

"चहा."

"चहा अन् टोस्ट."

"मी उशिरा उठली होती त राहूनच गेलं."

"आणि काल रात्री? वृषाली, तू सांग."

"जे होतं ते."

"काय होतं?"

"पोळी. अन् भाजीचा रस्सा."

"किती पोळ्या?"

"होती ना एक."

ती वळली. "तुझ्या बाबांचं तर नाश्त्याचं दुकान आहे."

"ते गिऱ्हाइकाचं असते, ताई."

तिच्या हातातली भाकर तव्यावर करपायला लागली होती. ती उलटून तिनं हळूच विचारलं, "मध्यंतरानंतर तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी येते का? कोणाकोणाला?"

मी मान हलवली आणि बाजूला पाहिलं. ममताचीही मान हलत होती. रेश्माची. सगळ्यांची. तीन वर्षं एकाच मैदानावर खेळत होतो आम्ही, आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच होतं. कमजोर म्हणून संघातून काढतील, या भीतीनं एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला जिगर नाही म्हणतात, होय?" केतकी म्हणाली. तिचा आवाज वेगळाच झाला होता. "उद्या मी हे कॅमेऱ्यासमोर सांगते."

"नाही!" ममता ओरडलीच. "ताई, घरची गोष्ट हाय. चौकात नका सांगू. आमच्या मायची बदनामी होईल. लोक म्हणतील, पोरीले खायला देत नाई."

"तुझी आई कधी जेवते?"

ममता रिकामी ताटं गोळा करायला लागली. कोणालाही सांगायचं नाही अशी आम्ही केतकीला शपथ घातली, आणि तिनं ती घेतली.

दुसऱ्या दिवशी सभागृहातून भांडण ऐकू येत होतं. दिग्दर्शक म्हणत होता, "आपला विषय तेल आहे, केतकी! इतकी गावं तू तेल कमी करा म्हणून ओरडत फिरलीस." ती म्हणाली, "विषय बदलला." त्या दिवशीपासून आमच्या ताटांचं चित्रीकरण थांबलं. आणि ताटंही बदलली. अंडी, तूप घातलेलं वरण, तिळाचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी. त्या चटणीवर केतकी स्वतः बाटली तिरपी करून तेल ओतायची. "इतक्या थोड्या दिवसांत रक्त वाढत नाही," ती म्हणायची. "पण रिकाम्या पोटी खेळणं तर थांबेल. घे अजून."

खिडकीतून ते कोणीतरी पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, 'उकडबाई पोट्ट्याइले तेल पाजून राह्यली!'

बाबा त्या दिवशी घरी आले ते उड्या मारतच. "पाह्यलं? आली ना तेलावर! गावाले ग्यान सांगते, अन् पैज जिंकाले चोरून तेल! वृषाली, खरं हाय का नाई?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. आई पोळ्या लाटत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लाटणं फिरवायला लागली.

आता केतकीच्या बाजूनं बोलणारेही फिरले. डॉक्टर गुल्हान्यांना लोक चिडवू लागले. एका पत्रकारानं भर रस्त्यात तिला गाठलं. "मॅडम, गावाला एक आणि पोरींना दुसरं, असं का?" आम्ही सरावाहून परतत होतो, तिच्या मागेच होतो. एका वाक्यात तिची सुटका झाली असती. तिनं आमच्याकडे पाहिलं. "रविवारी सामना बघायला या," एवढंच म्हणाली.

रविवारी शाळेच्या मैदानाला उभं राहायला जागा नव्हती. भिंतीवर, झाडावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर माणसं. एका बाजूला बायकांची बैठक. स्टेजच्या शेजारी बाबांनी चक्क कढई मांडली होती, पैज जिंकल्यावर बोंडा गरमागरमच असावा म्हणून. केतकी तायडे सरांजवळ बसली होती. पांढरा कोट नव्हता, साधा कुर्ता होता.

शिट्टी झाली आणि अंजनगावनं आम्हाला झोडपायला सुरुवात केली. त्यांची उंच चढाईपटू एकेका चढाईत दोन-दोन जणींना बाद करून जायची. पहिल्या डावात आम्ही नेहमी पुढे असायचो, या वेळी तेही नाही. सातही जणी बाद होऊन आमच्यावर लोण चढलं. मध्यंतराला आम्ही सात गुणांनी मागे होतो.

"झालं!" भिंतीवरून कोणीतरी ओरडलं. "आता त गळायचाच टाइम आला!"

सर काही बोलणार, तेवढ्यात केतकी वाकून म्हणाली, "दम लागलाय?"

मी श्वास घेऊन पाहिला. ममताकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले नव्हते. "नाही," मी म्हणाले. मला स्वतःलाच ते खरं वाटेना.

दुसरा डाव सुरू झाला. मी चढाईला गेले आणि त्या अंधारीची वाट पाहिली. ती नेहमी आधी डाव्या डोळ्यात यायची. नाही आली. मी बोनस घेऊन परतले. पुन्हा गेले, कोपऱ्यातल्या पोरीला पायानं शिवले, परतले. मग त्यांची ती उंच पोरगी आली, आणि ममतानं तिच्या घोट्यावर अशी झेप घेतली की धुळीचा लोट उडाला. रेश्मा तिच्यावर, मी रेश्मावर. पकड! मैदान उभं राहिलं. सात गुणांचे पाच झाले, पाचांचे तीन. अंजनगावच्या पोरी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होत्या आणि आम्ही मध्यरेषेवर नाचत होतो. आमच्या जिगरीला नावं ठेवणारी तीच भिंत आता "धामणखेड! धामणखेड!" म्हणून हलत होती. बाबा कढई सोडून रेषेपाशी आले होते आणि पैज विसरून ओरडत होते, "घे व माय! घे!"

शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एकाच गुणानं मागे होतो. मी गेले. 'कबड्डी, कबड्डी' म्हणता म्हणता उजवीकडे हूल दिली, डावीकडे झेपावले आणि एकीच्या खांद्याला बोटं लागली. वळले. मध्यरेषा समोर होती. कोणीतरी घोटा धरला, कोणीतरी कंबर. मी पडले, सरपटले, हात लांब केला. मातीतली चुन्याची रेषा मला अगदी जवळून दिसत होती, आणि बोटं तिच्यापर्यंत पोचली नाहीत.

शिट्टी. हरलो.

मग बाबांना आपली पैज आठवली. ते धावत कढईकडे गेले, कागदावर आलुबोंडा घेऊन स्टेजवर चढले. "या मॅडम, या!" लोक लोटले. केतकी शांतपणे वर गेली. तिनं बोंडा फोडला, खाल्ला, सगळा खाल्ला.

"इतका चांगला आलुबोंडा मी आजवर खाल्ला नव्हता," ती माइकवर म्हणाली. "रोज खाऊ नका, एवढंच अजूनही म्हणेन."

लोक हसले, पण मागून आरोळी उठली, "तेलचोर बाई! तेलचोर बाई!" बाबांना चेव आला, त्यांनी माइक ओढून घेतला. "हो, ते सांगा ना लोकाइले! आम्हाले तेल बंद, अन् पोट्ट्याइले चोरून काऊन पाजलं?"

केतकीनं खाली माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून उभी राहिली. आरोळ्या वाढल्या. एक चप्पल येऊन तिच्या पायाशी पडली.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. फुटलेल्या गुडघ्यानिशी मी स्टेजवर चढले आणि बाबांच्या हातातून माइक घेतला.

"त्या नाही सांगणार. आम्ही त्यांना शपथ घातली आहे."

गर्दी थोडी थांबली.

"तीन वर्षं आम्ही दुसऱ्या डावात गळत होतो. तुम्ही म्हणत होते, पोट्ट्याइले जिगर नाई. आज गळलो का?"

भिंतीवरची पोरं खाली बघायला लागली.

"सांगा ना! गळलो का?"

"नाई!" आवाज आला तो अंजनगावच्या पोरींकडून. त्यांची ती उंच चढाईपटू उभी होती.

"आज आम्ही जेवून आलो होतो. म्हणून नाही गळलो. तेलाचं भांडण तुमचं आहे. कमी खायचं का जास्त, ते ज्याचं ताट आधी वाढतात त्यानं ठरवावं. आमच्या ताटात उरलेलं येते. ताईंनी ते पाहिलं, अन् आम्ही म्हटलं म्हणून कोणाला सांगितलं नाही. चप्पल मला मारा."

बाबांचा चेहरा उतरला. माइक माझ्या हातात होता, तरी त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "काय बोलून राह्यली तू? माह्या घरात तू उपाशी राह्यते?"

"उपाशी नाही, बाबा," मी म्हणाले. "शेवटी."

मैदानावर आता कढईतलं तेल चरचरताना ऐकू येत होतं. ममता वर चढून माझ्याजवळ उभी राहिली. मग रेश्मा, मग बाकीच्या. बायकांच्या बैठकीतून एक म्हातारी उठली. "पोरगी खरं सांगून राह्यली, दिगांबर," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. बाबांनी झारा टेबलावर ठेवला, कढईखालचा गॅस बंद केला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा गाव पुन्हा भांडलं. बाईनं आमची इज्जत काढली, असं अर्धं गाव म्हणालं. दिगूभाऊच्या पोरीनं काढली, असं उरलेलं अर्धं. केतकी मात्र पुढे ज्या गावात गेली तिथे तेलाचं बोलण्याआधी एक प्रश्न विचारू लागली, तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं? तिला त्यावरूनही बोलणी खावी लागली.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. मी घाबरतच घरी गेले. बाबा भिंतीला टेकून बसले होते. माझे दोघं भाऊ एकमेकांकडे बघत होते. स्वयंपाक झाला होता. आईनं नेहमीसारखा पाट मांडला, ताट वाढलं आणि बाबांपुढे ठेवलं.

बाबांनी ते ताट उचललं आणि तिच्यापुढे सरकवलं. "तू बैस. अन् पोरगी बसू दे. आम्ही मागून."

"काहीतरीच काय!" आई हसली. "तुम्ही बसा, थंडं होऊन राह्यलं."

"म्यां म्हटलं ना, बैस."

ते भांडायच्या आवाजात बोलले नव्हते, म्हणूनच आई बसली. पदर पुढे ओढून, जणू पाहुण्यांच्या घरी आली आहे. पहिले घास तिनं मान खाली घालून गिळले. बाबा शेजारी बसून वाढत होते. त्यांना पोळी कुठून काढायची तेही धड माहीत नव्हतं. "घे ना. अजून घे." मग हळूहळू आईचा हात सैलावला. तिनं भाजी मागून घेतली. वांग्याची फोड मागून घेतली. मी तिला कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. आम्ही दोघी पोटभर जेवलो. मग भाऊ बसले आणि त्यांनीही नेहमीइतकंच खाल्लं.

सगळ्यांच्या शेवटी बाबा बसले. त्यांनी स्वतःच टोपल्यावरचं फडकं उचललं. एक पोळी होती आणि दुसरीचा तुकडा. पातेल्यात डाव फिरवला तर तळाशी लाल पाणी आणि वांग्याचं एक देठ. त्यांनी पातेलं उजेडाकडे तिरपं करून आत पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"एवढंच?"

आई ताटं उचलत होती. ती थांबलीसुद्धा नाही.

"एवढंच राह्यते," ती म्हणाली.